मामाची शववाहिका पळाली त्याची गोष्ट

माझा मामा शववाहिका चालवतो. हे ऐकलं की लोक आधी चेहरा पाडतात आणि मग हळूच विचारतात, "भीती नाही का वाटत?" मामाचं उत्तर ठरलेलं. "भीती जिवंत पॅसेंजरची. मागे बसून सूचना देतात."

या कामाला तो लागला त्याच्या संथपणामुळे. मामा जेवून उठायचा तोवर बाकीच्यांची ताटं घासून, पुसून फडताळात गेलेली असायची. तरुणपणी तो पार्सलं पोचवायचा. त्याने पोचवलेला वाढदिवसाचा केक पुढच्या वाढदिवसाला जास्त जवळचा असायचा. मग लग्नाच्या सजवलेल्या गाडीवर लागला. तिथे एक नवरदेव वैतागून मध्येच उतरला, चालत निघाला आणि मामाच्या आधी पोचला. ती नोकरी त्याच दिवशी सुटली.

मामी त्याच्या अगदी उलटी. टॅक्सीच्या ऑफिसात फोन घ्यायची आणि एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायची. या दोघांचं जमलं कसं, असं विचारलं की ती म्हणते, "मी विचारलं. नाही म्हणायचं का यावर हा विचार करत बसला. तेवढ्यात लग्न झालं."

शेवटी अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या एका मालकाने मामाला ठेवून घेतलं आणि मामाचं नशीब उघडलं. जो संथपणा जगाला खुपत होता, त्याचीच इथे वाहवा झाली. काळी लांब गाडी, दोन्ही बाजूंना काचा, आत फुलांखाली पेटी, आणि मामा असा चालवायचा की वळणावर पाकळीसुद्धा हलायची नाही. लोक आवर्जून मागायला लागले, "आमच्या बाबांना तेच ड्रायव्हर द्या." रस्त्यावरची माणसं थांबून टोप्या काढायची, आणि मामा ते सगळं आपल्यासाठीच आहे अशा थाटात मान किंचित झुकवायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी त्याने चावी फिरवली आणि समोर एक पिवळा दिवा लागला. इंजिनचं चित्र होतं म्हणे. मामाला ती किटली वाटली.

"मालक, गाडीत किटली लागलीय."

"मग चहा टाक," मालक पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

दिवा काही विझेना. मग प्रत्येकाने आपापली अक्कल पाजळली. फुलवाला म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ आहे. मामाने टाकी रिकामी केली, दुसऱ्या पंपावर भरली, झाकण कचकचून लावलं. दिवा तसाच. पेट्या बनवणारा सुतार म्हणाला, आतली एखादी वायर हलली असेल, आणि त्याने बॉनेटवर असा ठोसा मारला की दिवा क्षणभर विझला आणि जास्तच टवटवीत होऊन परत लागला. बॅटरी बदलून झाली. मग मालकाने काळी चिकटपट्टी आणली आणि दिव्यावर चिकटवली.

"झालं! दिसतोय का आता?"

मामी डबा द्यायला आली होती. ती म्हणाली, "झाकून दुखणी बरी होत असती तर तुमचं दुकान केव्हाच बसलं असतं." आणि तिने पट्टी टरकन ओढून काढली.

दोन-चार दिवसांत गाडी चढावर धापा टाकायला लागली. तेव्हा कुठे मालकाने गॅरेजची परवानगी दिली.

गॅरेज एका बाईचं होतं. कोपरापर्यंत हात काळे, कानावर पेन्सिल. तिने स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं, त्यावरचे आकडे वाचले आणि मामाकडे पाहिलं.

"ही गाडी तुम्ही केवढ्या वेगाने चालवता?"

"शोभेल तेवढ्या."

"मोठ्या रस्त्यावर कधी पळवलीय?"

"माझी माणसं घाईत नसतात," मामा म्हणाला.

बाईने हसू दाबलं. मग तिने समजावून सांगितलं. डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी असते. धुरातली काजळी ती अडवते. गाडी जोरात पळाली की नळी तापते आणि अडकलेली काजळी जळून जाते. "तुमची गाडी तापतच नाही. काजळी साचून साचून जाळी तुंबलीय, म्हणून दिवा लागलाय. अजून पूर्ण बंद झालेली नाही. मोकळ्या रस्त्यावर सलग पळवा, वेग कमी करू नका. नाही विझला दिवा तर जाळी काढावी लागेल."

मामा घरी आला तो फुरंगटूनच. "इतकी वर्षं मी कला म्हणून जपलं, आणि ती म्हणते, माझ्या हळू चालवण्याने गाडीला बद्धकोष्ठ झालंय!"

"बद्धकोष्ठच आहे ते," मामी म्हणाली. "मग रोज फिरायला ने."

रविवारी तो रिकामी गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर गेला. जरा वेग धरला तोच बसथांब्यावरच्या एका म्हाताऱ्याने शववाहिका पाहून टोपी काढली. मामाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याच्यापुढून सुसाट जाणं त्याला जमेना. पुढच्या थांब्यावर दोन बायका हात जोडून उभ्या राहिल्या. मामा दिव्यासकट परत आला.

त्यानंतर लगेचच पीटी शिकवणाऱ्या एका निवृत्त सरांना न्यायचं काम आलं. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, अशा अवतारात त्यांनी अख्खा जन्म काढला होता. सर मागे पेटीत. पुढे मामाशेजारी त्यांची बायको, बारीकशी, ताठ बसलेली. मागच्या गाड्यांत सरांचे धाकटे भाऊ आणि बाकी नातलग.

स्मशानभूमीच्या फाटकाशी रखवालदाराने हात केला. आधीच्यांचं आटोपलं नव्हतं. कोणी तरी भाषणाला उभं राहिलं होतं आणि बसायचं नाव घेत नव्हतं. मामाने गाडी बाजूला घेतली. इंजिन थरथरत होतं. समोर दिवा.

"हा कसला?" बाईंनी विचारलं.

मामाने ओशाळून जाळीची आणि काजळीची सगळी हकिगत सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मग पळवा की."

"आत्ता? अहो बाई, मागे सर आहेत."

"सरांना काय होणार आहे आता?"

मामाने मान वळवून काचेतून मागच्या पेटीकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "ह्यांनी सगळ्या जगाला पळवलं. मला रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. मी धापा टाकत्येय आणि हे खुर्चीत बसून शिट्टी वाजवतायत. आज जरा ह्यांनी पळावं." त्यांनी पट्टा लावला. "चला. तुमचा विचार होईपर्यंत आतलं भाषणसुद्धा संपेल."

मामाने गाडी वळवली.

मोकळ्या रस्त्यावर आल्यावर त्याने पाय दाबला. गाडी आधी खोकली, मग कण्हली, मग एकदम सुटली. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. झाडं, खांब, पाट्या, टोप्या काढायला निघालेली माणसं, सगळं मागे जात होतं. टोपी डोक्यावरून उतरायच्या आत शववाहिका दिसेनाशी होत होती. मागे भावांना वाटलं, दादाला कोणी पळवून नेलं. ते हॉर्न वाजवत पाठीमागे लागले, आणि त्यांच्या मागे सगळे नातलग.

"अजून!" बाई म्हणाल्या.

त्या हसायला लागल्या. पदराने तोंड दाबूनही हसू आवरेना. मग हसता हसता त्यांचा आवाज फुटला आणि त्या रडायला लागल्या, गेल्या दोन दिवसांत रडल्या नव्हत्या तशा, मोठ्याने. मामाला गाडी थांबवावीशी वाटली. पण मेकॅनिकबाईने बजावलं होतं, आणि शेजारच्या बाईही थांबा म्हणत नव्हत्या. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि पाय तसाच ठेवला. बाईंचं रडणं ओसरत आलं तेव्हा दिवा विझलेला होता. नेमका कधी विझला ते दोघांनीही पाहिलं नाही.

परत फाटकाशी आले तेव्हा गाडीखालून जळका वास येत होता आणि टपावर बांधलेल्या फुलांच्या चक्रात फक्त तार उरली होती. भाऊ लालबुंद होऊन खाली उतरले.

"वहिनी, हा काय तमाशा?"

"ह्यांची शेवटची इच्छा होती," वहिनी म्हणाल्या आणि नाक पुसून आत गेल्या.

मालकाने मात्र मामाला झापझाप झापलं. कामावरून काढण्याची भाषाही झाली. पण गाडी चढावर लोण्यासारखी चालू लागली होती, आणि मेकॅनिकबाईने यंत्र लावून सांगितलं की जाळी मोकळी झालीय, यापुढे अधूनमधून अशीच पळवत जा. मालकाने गुपचूप नियम केला: काम नसेल त्या सकाळी गाडी रिकामी न्यायची आणि मनसोक्त तापवून आणायची. वेळेत परत यावं म्हणून मामीने सोबत जायचं.

मामी आता पुढे बसते, काच खाली करून. "दाब, दाब," म्हणते. मामा म्हणतो, जिवंत पॅसेंजरबद्दल त्याचं मत मुळीच चुकलेलं नव्हतं. पण परवा मी बघितलं, मामी तयार व्हायच्या आधीच तो गाडीत जाऊन बसला होता.

मागच्या आठवड्यात त्यांना एका पोलिसाने अडवलं. त्याने काचेतून मागे डोकावून पाहिलं. आत रिकामं.

"मागे तर कोणीच नाही. मग एवढी घाई कसली?"

मामा उत्तर जुळवत होता. तेवढ्यात मामी पुढे वाकली.

"आणायला चाललोय."

"कोणाला?"

"ते अजून ठरलेलं नाही," मामी त्याच्याकडे जरा निरखून बघत म्हणाली.

पोलीस दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात दाखवून गाडी सोडली.