दामा म्हणे, भागा म्हणे

आधीच सांगते, माझी गारखेड्यात पॅथॉलॉजी लॅब आहे आणि दिवसभर मी रक्त-लघवीचे रिपोर्ट बघते. आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं हे सगळं आजोबांच्या पिढीतच बंद झालं. देव्हारासुद्धा त्यांनीच उतरवला. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचत आले. आता स्वतःचाच लिहायला बसलेय... हसा खुशाल. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि कारण सापडलं तर कळवा.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. माझी आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, दातांसाठी पैठणहून आमच्याकडे आली होती. वय ऐंशीच्या घरात, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. समोरचे सात दात उरले होते, तेही हलणारे. सोमवारी सगळे काढायचे आणि हिरड्या भरून आल्यावर कवळी, असं ठरलं होतं.

शनिवारी जेवताना ती म्हणाली, “उज्जे, दात गेल्यावर बोळक्या तोंडानं काय गाणार मी? त्याच्या आत माझं एक गाणं भरून घे. आईच्या नावानं.”

या गाण्याचं असं आहे. आजोबांची, म्हणजे आत्याच्या दादांची, गायन पार्टी होती. दामा हे त्यांचं गाण्यातलं नाव. पंचक्रोशीत त्यांचं एक गाणं फार चालायचं:

पाटी-पेन्सिल घे गं हाती, शेणगोवऱ्या राहू दे
दामा म्हणे, लेक माझी शाळेमंदी जाऊ दे

आत्याचं म्हणणं, हे गाणं आजोबांचं नाहीच. ते आजीचं, भागीरथीचं. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून आजोबा आत्याला शाळेतून काढायला निघाले होते. आजीनं भांडण केलं नाही. गोवऱ्या थापता थापता हे गाणं रचून त्यांना ऐकवलं. आजोबा गप झाले, आत्या शाळेत राहिली. गाणं मात्र त्यांना आवडलं, आणि त्यांनी ‘भागा म्हणे’चं ‘दामा म्हणे’ करून ते पार्टीत म्हणायला सुरुवात केली. हे माझ्या वडिलांना कधीच पटलं नाही. ते जाईपर्यंत बहीण-भावाचा हा एकच वाद होता.

रेकॉर्डिंगमध्ये मी नवशिकी. हार्मोनियम हौसेनं वाजवते, तेवढ्यासाठी दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपला लागणारा एक माइक घेतला होता. नवीन सुरू करणाऱ्यांसाठी सांगते: आपलं घर शांत असतं हा गैरसमज आहे. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर, शेजारचा कुकर... आपल्या कानाला सवय असते, माइकला नसते. बाथरूममध्ये आवाज झकास वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये विहिरीतून आल्यासारखा येतो. आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून जी हवा सुटते, ती माइकवर ढप्पकन आदळते. त्यासाठी भरतकामाच्या रिंगमध्ये जुनी ओढणी ताणून बसवायची. विकतच्यापेक्षा छान चालते.

रविवारी दुपारी तीनला मागची खोली बंद केली. दारावर, खिडकीवर आणि लोखंडी कपाटावर गोधड्या. पंखा बंद. माझा नवरा प्रकाश याच्याकडे फ्रिज बंद करणं, फॅमिली ग्रुपसाठी मोबाइलवर व्हिडिओ काढणं आणि न खोकणं अशी तीन कामं दिली होती. तिसरं त्याला जड गेलं. मे महिन्यात आमच्या गावात पंखा बंद करून गोधड्यांत बसणं म्हणजे काय, ते इथले लोकच जाणोत.

आत्या गायली मात्र फर्मास. आवाज चिरका झालाय, पण ताल पक्का. हार्मोनियमचा आवाज तिच्या आवाजावर चढत होता म्हणून मी चार हात मागे सरकले. सगळं जमून आलं. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, “दामा म्हणे...” आणि थांबली.

पुन्हा घेतलं. पुन्हा दामा. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ‘भागा’ लिहून समोर धरलं. चिठ्ठीकडे बघत बघत ती दामा म्हणाली. प्रकाशला हसू आवरेना. आत्यालाही पहिल्यांदा हसू आलं, सातव्या-आठव्या वेळेनंतर मात्र ती रडकुंडीला आली. साठ वर्षं लग्नाकार्यात, जयंतीच्या स्टेजवर तेच म्हणत आलेली जीभ. नुसतं बोलताना भागा, चालीत आलं की दामा.

मी म्हटलं, आत्या, सोपं आहे. तू ‘भागा’ एकदा वेगळं म्हण, मी दामा कापून तिथं जोडते. कुणाला कळणारही नाही.

“नको,” ती म्हणाली. “जित्तेपणी तिचं नाव पुसलं, आता ठिगळ लावून नको चिटकवू. माझ्या तोंडून निघालं तर निघालं.”

अकराव्या वेळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, मग तासभर रेकॉर्डिंग विसरा. पहिली मोटार सुरू झाली तेव्हा आत्या शेवटच्या कडव्यात होती. मी हातानं ‘चालू दे’ अशी खूण केली. ती डोळे मिटून गायली, आणि म्हणाली, “दामा म्हणे, लेक माझी...”

मी ऐकलं. प्रकाशनं ऐकलं. आत्यानंही ऐकलं. तिनं चष्मा काढला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. नाय व्हायचं.” सोमवारी दात निघाले.

मंगळवारी लॅबमधून आल्यावर फुकट जागा खाणारे टेक डिलीट करायला बसले. दहा ऐकले, दहाही उडवले. अकरावा लावला. शेवटच्या ओळीत आत्या स्पष्ट म्हणत होती: “भागा म्हणे.”

हेडफोन काढून पुसले, पुन्हा लावले. भागा. प्रकाशला न सांगता ऐकवलं. तो म्हणाला, अरे, हे कधी घेतलं?

मग मी त्याचा व्हिडिओ मागितला. तोच टेक, तीच मोटार, प्रकाशनं दाबलेला खोकला दोन्हीकडे त्याच शब्दाला. फक्त त्याच्या व्हिडिओत: “दामा म्हणे.”

आता तुम्ही म्हणाल, दात हलत होते, ‘द’ नीट उमटला नसेल. मान्य. पण ‘म’ म्हणायला ओठ मिटावे लागतात, ‘ग’ला मिटत नाहीत, त्यात दातांचा काय संबंध? आणि लॅपटॉपवर आवाजाची रेघ दिसते, तिथं त्या शब्दाला ‘भ’चा फुगवटा आहे. ओढणीतून निसटलेला.

शहागंजात एक साउंडवाले भाई आहेत, लग्नाचे स्पीकर भाड्यानं देतात. पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे गेले, सगळी हकीकत सांगितली. त्यांनी तो शब्द दहा-बारा वेळा पुढे-मागे केला. कुठं जोड नाही, काप नाही म्हणाले. मी विचारलं, मग हे झालं कसं?

“मॅडम, अम्मा को येइच नाम होना था ना?”

“हो.”

“आ गया ना? फिर कायकू परेशान होते.”

त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आत्याला ऐकवलं तेव्हा तिचं तोंड अजून सुजलेलं होतं. तिनं हातानं खूण केली: परत लाव. पाच वेळा ऐकलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गालावर बर्फाची पिशवी धरून झोपून गेली.

गाणं फॅमिली ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं: रचना – भागीरथीबाई. यंदा जयंतीच्या कार्यक्रमात तेच स्पीकरवर लावलं, बायका मागून ‘भागा म्हणे’ म्हणत होत्या. आत्याला कवळी बसलीय. तिनं उठून म्हणायचा प्रयत्न केला, आणि सगळ्यांसमोर दामाच म्हणाली. बायका हसल्या, तीही हसली.

दोन्ही फाइली माझ्याकडे आहेत. माइक बदलून, लॅपटॉप बदलून, दुसऱ्याला गायला लावून सगळं करून पाहिलं. पुन्हा तसं कधी झालं नाही आणि का झालं, ते मला आजही माहीत नाही. शेवटी आत्यालाच विचारलं, तुझ्या मते काय झालं असेल?

ती कवळी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “काय व्हायचंय? दादांला लाज वाटली असंल.”