विलायतेहून आलेली लेक

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीच्या परकोटाआत माझं कापडाचं दुकान होतं. पावसाची झड लागली की गिऱ्हाइकं घरी बसत. एक बाई मात्र नेमकी झडीतच यायची. रानात चिखल झाला की कामं थांबत, तेवढीच तिला सवड. अकोल्याकडची कास्तकारीण. डोक्यावर घोंगडी घेऊन आगगाडीनं बडनेऱ्याला उतरायची, अंबादेवीचं दर्शन घ्यायची, सारा बाजार डोळे भरून बघायची आणि शेवटी माझ्या ओट्यावर लुगड्याचा काठ पिळून मगच आत यायची. माझी गादी भिजू नये म्हणून.

"एकट्याच?" मी दरवेळी विचारायचो.

"कावून? डोये तं माह्ये माह्याजवळच हायेत ना!"

एकदा दुकानात बसलेल्या कापसाच्या दलालानं तिच्यापुढे ताका उलगडला. "घ्या बाई, अस्सल विलायती."

"अन् कापूस कोठचा?"

"कापूस आपल्या वऱ्हाडचा. जहाजातून जातो, कापड होऊन येतो."

"मंग हे तं आमची लेक झाली!"

तिनं शिदोरीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, लांबून घरी आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा ताक्यावरून ओवाळला आणि बाहेर टाकला. दलाल खो खो हसला.

"हासून काय राहिले, भाऊ? समुद्र पार करून मायेरी आली ते."

त्याचं हसू तिथंच थांबलं. मी ताका बांधून दिला. तिनं आपली घोंगडी त्याला नीट गुंडाळली, तो कडेवर घेतला आणि भर पावसात, उघड्या डोक्यानं, मान ताठ ठेवून बाजारातून चालू लागली.