साडूभाऊ पेट्रोल पंप घेतात

काही माणसं निर्णय घेतात, काही टाळतात, आणि माझे साडूभाऊ गेली सहा वर्षं एकच निर्णय रोज नव्याने घेत आले आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. महाप्याच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात आहेत, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोट काढायचा त्यांना पगार मिळतो. घरी आल्यावर ते तेच काम बिनपगारी करतात. आमटीतलं मीठ, जिन्याच्या पायऱ्यांची उंची, माझ्या मुलीचं अक्षर, त्यांच्या हातून काहीही सहजासहजी पास होत नाही. अशा माणसाने एक जुनी मोटार घ्यावी आणि तिचं इंजिन शर्यतीच्या ताकदीचं करून नव्याने बांधायचं मनावर घ्यावं, हे आमच्या अख्ख्या गोतावळ्याच्या नशिबात होतं.

मोटार ठेवली करावे गावात, सासऱ्यांच्या अंगणात. पूर्वी तिथे सासूबाई सुकट वाळत घालायच्या. मोटार आली आणि सुकट गच्चीवर गेली. सासऱ्यांचा सगळा जन्म खाडीत मासेमारी करण्यात गेलेला. धुक्यातून होडी दिसायच्या आधी नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ती कोणाची ते सांगायचे. त्यांनी जागा दिली, पण एका अटीवर. "जावय, गारी ठेव. पन चालू करशील तवा मना बोलव. मना तिचा आवाज आयकाचा हाय." साडूभाऊ त्यांच्या पाया पडून म्हणाले, "बाबा, पहिला स्टार्ट तुमच्यासमोर. शब्द." तेव्हा सासरे पंचाहत्तरीचे होते.

इंजिन वर्षभरात बांधून झालं, हे कबूल केलं पाहिजे. घोडं अडलं ते पेट्रोलपाशी. तुर्भ्याचा मेकॅनिक पहिल्याच आठवड्यात पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप, ते आत फवारणारे इंजेक्टर असा सगळा संच घेऊन आला होता, आणि वर सहज बोलून गेला, "साहेब, टर्बो टाका ना. टेन्शनच नाय, डायरेक डबल पॉवर!" साडूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारं यंत्र, आणि कोंबाकोंबी त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांचं इंजिन आपल्या छातीने ओढेल तेवढीच हवा घेणार. फक्त त्या हवेच्या बरोबर मापाने पेट्रोल पोचलं पाहिजे. कमी पडलं तर पिस्टन जळणार, जास्त झालं तर इंजिन काळा धूर ओकणार. एवढं बोलून त्यांनी मेकॅनिकचा संच परत पाठवला आणि ते बरोबर माप शोधायला लागले. ते शोधताना त्यांना ऐकायला कोणीतरी लागतं, आणि तो मान माझ्याकडे आला.

एकदा आम्ही एपीएमसीत कांद्याची गोण आणायला गेलो होतो. गोणीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मधेच त्यांनी आपलं टोक सोडलं आणि हवेत बोटाने आकृती काढत म्हणाले, "आलेलं जादा पेट्रोल टाकीत परत जायला दुसरी नळी हवी, काय?" माझ्या पायावर पन्नास किलो कांदा होता, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. त्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, "पण मग प्रेशर?" इंजेक्टर म्हणजे काय हे समजावायला त्यांनी आमच्या न्हाणीघरातला शॉवर खोलला. जाड धार वाईट, धुक्यासारखी बारीक फवारणी चांगली, हा फरक दिसावा म्हणून अर्धी भोकं त्यांनी दाभणाने मोठी केली. आजही आमच्याकडे अर्ध्या अंगावर धुकं पडतं आणि अर्धी धार थेट कानात जाते. बायको माहेरचं माणूस म्हणून त्यांना काही बोलत नाही, मला बोलते.

पण कळस झाला तो गावातल्या एका हळदीत. मेहुणीने कौतुकाने कोणाला तरी सांगितलं, "आमचे हे पेट्रोल पंप घेतायत." मांडवभर बातमी पसरली. जावयाचा मान एकदम वाढला, पंगतीत त्यांच्या पानात दोन कोळंब्या जादा पडल्या. सासूबाईंचे भाऊ शेजारी येऊन बसले. "कुठं घेतला पंप? पाम बीच रोडला?"

"छे हो मामा. टाकीत," साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले. "आत की बाहेर, तेच ठरत नाहीये."

"पान्याच्या टाकीजवल? बरी जागा हाय. रस्ता मोठा हाय," मामा म्हणाले, आणि आपल्या भाच्याला तिथे नोकरी लावायची गळ घालून उठले. साडूभाऊंनी मान डोलावली. त्यांना फक्त जागेबद्दलचं मत ऐकू आलं होतं.

अशा रीतीने पाच वर्षं गेली आणि अखेर माप ठरलं. साडूभाऊंनी पेढे वाटले. आणि त्याच सुमारास पेट्रोलच बदललं. पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. त्या पेट्रोलला हवेचा हिशेब वेगळा, ते जास्त लागतं, शिवाय जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. साडूभाऊंनी वही मिटली, नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर 'पुन्हा' असं लिहिलं. मला रडू यायचं बाकी होतं.

गेल्या माघात मी अंगणात गेलो तेव्हा सासरे मोटारीजवळ खुर्ची टाकून बसले होते. "कवा चालू व्हनार?" त्यांनी विचारलं. साडूभाऊ इंजेक्टरबद्दल बोलू लागले आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलोच. "दाजी, बाबा एक्क्याऐंशीचे झाले! तुमच्या इंजेक्टरला वाट बघता येते, त्यांना नाही!" मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी सामान मागवलं. मेकॅनिकने पहिल्या आठवड्यात आणलेलाच संच, फक्त इंजेक्टर एक नंबर मोठे आणि नळ्या नव्या.

रविवारी सकाळी सगळे जमले. सासरे धुतलेला सदरा घालून मोटारीपुढे उभे राहिले. साडूभाऊंनी चावी फिरवली, आणि खरं सांगतो, तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. स्वच्छ, भरदार, कुठे अडखळ नाही. शेजारची माणसं गच्चीवर आली. साडूभाऊ उतरून सासऱ्यांकडे बघत राहिले.

"लाव ना," सासरे म्हणाले. "लाव चावी."

मोटार तर चालूच होती. वर्षभर ते टीव्हीचा आवाज मोठा करत होते आणि आम्ही हट्टी म्हातारा म्हणून हसत होतो. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग पुढे होऊन बॉनेटवर हात ठेवला. इंजिनाची थरथर हातात आली असावी. "लागली काय?" ते हळू म्हणाले. "आवाज कसा हाय रं तिचा?"

साडूभाऊ वाकले, त्यांनी सासऱ्यांच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या गावासमोर जीव खाऊन इंजिनाचा आवाज काढायला लागले. आधी हळू घरघर, मग चढती, मग पुन्हा खाली. सासरे डोळे मिटून ऐकत होते आणि हसत होते. मी आत हात घालून चावी फिरवली, मोटार बंद केली. साडूभाऊ थांबले नाहीत.