दुसऱ्याच्या मराठीतली कबुली

त्या बाईच्या कबुलीजबाबातली मराठी माझ्यापेक्षा चांगली होती. 'मी माझ्या राजीखुशीने निवेदन करते की, सदरची सोन्याची चेन मी लबाडीच्या इराद्याने काढून घेऊन माझे राहते घरातील ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवली आहे, ती मी काढून देते.' खाली सही नव्हती, अंगठा होता. आणि ती स्वतः माझ्यासमोर बाकावर बसून मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'व्हय साहेब' एवढंच म्हणत होती.

केस मला मोफत कायदेशीर मदतीतून मिळाली होती. बाई पन्नाशीची, उमरग्याच्या पुढं कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका वस्तीवरची. एका छोट्या दवाखान्यात झाडू-फरशी करायची, चादरी धुवायची. तिथं भरती झालेल्या एका पेशंटची चेन गेली आणि संशय हिच्यावर आला. मी मूळचा ईट गावचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. तिच्या घरात कन्नड बोलतात हे मला कळलं, तेव्हा जामीन होऊनही महिना उलटला होता.

वकिलीत एक नियम मी पहिल्यापासून पाळत आलो होतो. अशिलाला 'तू केलंस का?' असं विचारायचं नाही. गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम. आपण फक्त सरकारचा पुरावा टिकतो का ते बघायचं. गावी गेलो की थोरला भाऊ विचारायचा, "चोर हाय हे ठावं असताना उभा कसा राहतूस रं?" मी त्याला सांगायचो, मला ठाऊकच नसतं. हे उत्तर मला आवडायचं.

पण या केसमध्ये ती कणगी मला गप्प बसू देईना. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मात्र त्या कबुलीमुळं एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. त्यामुळं वस्तू कुठून निघाली यावरच सगळं ठरतं. आणि आजवर वाचलेल्या पंचनाम्यांमध्ये मला किती तरी कणग्या भेटल्या होत्या. घराघरांतून कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या, रेशनच्या पिशव्या आल्या, पण पंचनाम्यात मात्र कणगी अजून उभी होती. हिच्या घरात खरंच आहे का, हे बघावंसं वाटलं. एका रविवारी एसटीनं वस्तीवर गेलो.

दोन खोल्यांचं घर. ती आणि तिची भावजय, दोघीच राहतात. मी म्हटलं, "अक्का, धान्य कुठं ठेवता?"

तिनं तेलाचे दोन रिकामे डबे दाखवले. एकात तांदूळ, एकात गहू.

"कणगी कुठंय?"

तिनं भावजयीकडं पाहिलं. भावजयीला दोन्ही भाषा येत होत्या. ती हसली. "कणगी कशाला लागती, साहेब? आमाला रान न्हाय. सासऱ्याच्या येळंला व्हती म्हनत्यात."

परतायला हरकत नव्हती, माझं काम झालं होतं. पण चहा ठेवलेला होता. तो होईपर्यंत मी सहज म्हणालो, "त्या दिवशी काय झालं ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगू द्या. तुम्ही मला मराठीत सांगा."

आणि ती बोलायला लागली. बाकावर 'व्हय साहेब'पलीकडं न गेलेली बाई पाऊण तास बोलत होती. हातानं गादी उचलून दाखवत होती, खोळ झटकून दाखवत होती. मला दोनच शब्द वेगळे ऐकू येत होते, गादी आणि सारखा येणारा 'सिक्तु'.

"सिक्तु म्हणजे काय?"

"सापडलं," भावजय म्हणाली. "वन्सं म्हनत्यात, चेन गादीच्या खोळीत सापडली. दुसऱ्या दिवशी हवालदार चौकशीला दवाखान्यात आलता, त्याच्याच हातात दिली. तो म्हनला, चला ठाण्यात, लिहून घेऊ."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

भावजयीनं विचारलं. उत्तर एका वाक्यात आलं. "तुमी इचारलंच न्हाय म्हनत्यात."

मी चहा प्यालो. वीस-बावीस वर्षं सांभाळलेल्या नियमाचं काय करायचं, ते मला कळेना.

खटल्यात हवालदाराची उलटतपासणी घेतली. तो काही दुष्ट माणूस नव्हता. शांतपणे उत्तरं देत होता.

"जबाब कोणत्या भाषेत विचारला?"

"मराठीत."

"तिनं कोणत्या भाषेत उत्तर दिलं?"

"मोडक्या मराठीत. थोडं कन्नड."

"'लबाडीच्या इराद्याने' हे तिचे शब्द?"

"मी शुद्ध करून लिहिलं. आशय तिचाच."

"तुम्हाला कन्नड येतं?"

"थोडंफार."

"सिक्तु म्हणजे काय?"

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "मिळालं," तो म्हणाला.

"मिळालं, की चोरलं?"

"मिळालं."

नंतरच्या तारखेला पंचानं सांगितलं की तो घराच्या बाहेर उभा होता, कणगी त्यानं पाहिली नाही. शेवटी न्यायाधीशबाईंनी आरोपीला स्वतः प्रश्न विचारले, त्यासाठी दुभाष्या बोलावला. भरल्या कोर्टात तिनं पुन्हा गादी उचलून दाखवली, खोळ झटकून दाखवली. कोणी हसलं नाही.

ती सुटली. निकाल मी तिला बाहेरच्या लिंबाखाली समजावून सांगितला. 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष.' भावजयीनं भाषांतर केलं, पण बाईचा चेहरा उजळला नाही. तिनं काहीतरी विचारलं.

"म्हनत्यात, संशय अजून हाय का मग? चेन न्हाय घेतली, असं लिवलंय का त्यात?"

मी निकालपत्र पुन्हा वाचलं. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीनं एवढं पुरेसं असतं, असं मी म्हणालो. ते खरंच आहे. तिला मात्र ते पुरलं नाही. दवाखान्यानंही तिला परत घेतलं नाही. सध्या ती एका मंगल कार्यालयात भांडी घासते.

आता झडतीचं चित्रीकरण करावं लागतं. त्यामुळं पंचनाम्यातल्या कणग्या कमी होतील असं तरुण वकील म्हणतात, आणि मलाही तसं वाटतं. तरी चित्रीकरण समोर आलं की सगळ्यात आधी मी आवाज ऐकतो. प्रश्न कोण विचारतंय, कोणत्या भाषेत विचारतंय, आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत कोण बोलतंय.

'तू केलंस का?' हे मी अजूनही विचारत नाही. पण पहिल्याच भेटीत म्हणतो, "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते तुमच्या घरी बोलता तसं सांगा." मग वही मिटून बसतो. काहीजण खोटं सांगतात, ते कळतंही. बहुतेक जण मात्र आधी थोडा वेळ माझ्याकडं नुसते बघत राहतात. कारण असं त्यांना तोवर कोणी म्हटलेलंच नसतं.