गाडीला रोज लागणारं पाणी

सेक्टर दोनच्या वळणावर परवा एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. वाफ निघत होती आणि त्या वाफेला तो वास होता. उकळलेल्या पाण्याचा, तापलेल्या रबराचा, आणि त्याखाली दबलेला गंजाचा. मी एका लग्नासाठी भिलाईला आले होते आणि जेवणं आटोपल्यावर उगाच आमच्या जुन्या क्वार्टरकडे चालत निघाले होते. गाडीभोवती माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे आपापलं निदान होतं. या गावात रस्त्यात बंद पडलेली गाडी एकटी कधी पडत नाही. निम्म्या गावाचा जन्म अवाढव्य यंत्रांच्या उष्णतेशी भांडण्यात गेलेला; एका लहानशा इंजिनासमोर गप्प राहणं इथं कुणाला जमणार? मी थांबले नाही. पण तो वास मात्र झाडांच्या ओळीखालून बराच वेळ माझ्यासोबत चालत राहिला, आणि बाबांच्या गाडीचे शेवटचे दिवस त्याने एकेक करून समोर ठेवले.

बाबा इथल्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसच्या पाण्याच्या विभागात होते. लोखंड वितळवणारी भट्टी स्वतःच वितळू नये म्हणून तिच्या अंगाभोवती अहोरात्र पाणी खेळवावं लागतं. ते पाणी थांबू न देणं ही बाबांची नोकरी. ज्यांनी पोलाद काढलं त्यांच्या तसबिरी भिंतींवर लागल्या. ज्यांनी पाणी फिरवलं त्यांच्या लागल्या नाहीत, आणि बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भट्टीची पितळी प्रतिकृती मिळाली. भाषणात मोठ्या साहेबांनी त्यांना ‘या भट्टीचं हृदय’ म्हटलं. त्याच मंचावर त्या दिवशी आणखी जे जे निवृत्त झाले तेही सगळे हृदयच होते. एका भट्टीला इतकी हृदयं असतात हे मला तेव्हा कळलं.

गाडी त्यांनी ऐन उमेदीत घेतली होती. पांढरी, चौकोनी, त्या काळी टाउनशिपमध्ये दर दुसऱ्या दारात दिसणारी. पुढे ती बाकीच्या दारांतून नाहीशी झाली, आमच्या दारात राहिली. तिच्या देखभालीत बाबांनी कारखान्याची शिस्त आणली होती. रोज सकाळी चहाच्या आधी ते बॉनेट उघडत आणि रेडिएटरमध्ये तांब्याने पाणी घालत. फिरणाऱ्या पाण्यातून थोडं उडतं, थोडं गळतं. तेवढं रोज वरून भरायचं, याला त्यांच्या विभागात ‘मेकअप वॉटर’ म्हणत. किती लागलं एवढंच तिथं विचारत. का लागलं, हे इतक्या प्रचंड पसाऱ्यात विचारायला कुणाला सवड नसे. मी एकदा म्हटलं होतं, की शेजारच्या गाडीत तर कुणी रोज पाणी घालताना दिसत नाही. बाबा हसले. “पाण्याचं सर्किट म्हटलं का मेकअप लागतेच, बेटा. त्याइची गाडी पाणी पीत नसन तर ती गाडी नाही, शोभेची वस्तू आहे.”

आई गेल्यावर ते एकटेच राहत होते. निवृत्तीनंतर काही काळ ठेवू दिलेलं क्वार्टर आता सोडायचं होतं. माझं घर नागपूरला, त्यात त्यांच्यासाठी खोली तयार होती. यायला त्यांची ना नव्हती. अट तेवढी एक होती. ते स्वतःची गाडी स्वतः चालवत येणार. “मी पाहुणा म्हणून येऊ शकतो, सामान म्हणून नाही,” असं ते फोनवर म्हणाले. ते शुद्ध पुस्तकी मराठीत बोलले की समजायचं, निर्णय झालेला आहे. मी आठवडाभराची रजा काढून भिलाईला आले. गाडी नागपूरपर्यंत येण्याजोगी करायची, एवढंच काम होतं. चैत्राचं ऊन पडू लागलं होतं.

पहिल्या चाचणीला आम्ही दुर्गच्या पलीकडे गेलो. शिवनाथेच्या पुलापर्यंत सारं ठीक होतं. मग तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागला, अगदी सभेत मागच्या रांगेतला माणूस हळूच उठून दाराकडे जातो तसा, कुणाचं लक्ष जाऊ नये अशा बेताने. बाबांचं लक्ष गेलं होतं. त्यांनी खिडकीची काच खाली केली. पुढच्याच वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

दुसऱ्या दिवशी अंगणात सभा भरली. बाबांचे शेजारी, मूळचे वर्ध्याकडचे काका, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले, खुर्ची घेऊनच आले. मरोद्याचा मिस्त्री स्कूटरवरून आला. तो गेली कित्येक वर्षं या गाडीचा वैद्य होता आणि निराशा हा शब्द त्याच्या हत्यारांच्या पेटीत नव्हता.

“तुम्ही पाणीवाले,” काका बाबांना म्हणाले, “तुमाले सारं जग म्हणजे नळच वाटते. आत जळून काय राहिलं ते पाहा ना आधी!”

“अन् तुमाले सारं जग म्हणजे कोळसा,” बाबा म्हणाले. “बसा चूपचाप. चहा येऊन राहिला.”

गाडी तापण्याची कारणं फार असतात, आणि त्यांची एक उतरंड असते. पंख्याचा पट्टा सैल झाला असेल. नळी कुठे चिरली असेल. रेडिएटरच्या जाळीत कचरा बसला असेल. पाणी ढकलणारा पंप दमला असेल. सगळ्यात खाली, तळाशी, एक कारण असतं, त्याचं नाव कुणी घेत नाही. निदान करणारा माणूस वरून सुरुवात करतो आणि मनातून प्रत्येक पायरीवर म्हणतो, इथंच सापडू दे. मी आजवर अनेक निदानं जवळून पाहिली आहेत, माणसांचीही. शोधणाऱ्याला सत्य हवं असतं असं म्हणतात, पण त्याला हवं असतं ते स्वस्तातलं सत्य.

मिस्त्रीने पट्टा बदलला आणि म्हणाला, “बस, इतना ही था सर. अब कश्मीर तक ले जाओ.” गाडी गावातल्याच सुपेल्याच्या बाजारापर्यंत गेली आणि तापली. त्याने रेडिएटर उतरवून नेला, धुऊन आणला, आतून निघालेला लाल चिखल आम्हाला मोठ्या अभिमानाने दाखवला. “अब नागपूर की गॅरंटी.” मग पंप नवा बसला, तेव्हा हमी अलीकडच्या राजनांदगावपर्यंत आली. काका खुर्चीतून म्हणाले, “बाबू, थोडा थोडा करके तू इनको अंगण में ही घुमाएगा.” बाबा हसले नाहीत.

मग थर्मोस्टॅटची पाळी. इंजिन तापलं की उघडून पाण्याला वाट देणारी ती पितळी झडप. मिस्त्री म्हणत होता काढून फेकून देऊ. बाबांना ते पटेना. पुरावा नसताना काहीही फेकायचं नाही, असं म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघरात नेली, चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि झडप दोऱ्याने आत सोडली. आम्ही दोघं पातेल्यावर वाकून उभे होतो. पाणी गुणगुणू लागलं, तळाशी मोती धरले, आणि ती झडप सावकाश, अगदी नियमाप्रमाणे, उघडली. ती बिघडलेली असावी अशी मी इतकी मनापासून इच्छा केली होती, की तिचं ते निर्दोष उघडणं मला अपमानासारखं वाटलं. बाबांनी गॅस बंद केला. “चांगली आहे,” ते म्हणाले. चांगली बातमी इतक्या पडलेल्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती.

आता पायऱ्या संपल्या होत्या. दुसऱ्या सकाळी मी उठले तेव्हा बाबा एकटेच गाडीपाशी होते. इंजिन रात्रभराचं गार. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं होतं, पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि मला म्हणाले, चालू कर. मी चावी फिरवली. ते पाण्याकडे पाहत राहिले. मग मला हाताने बोलावलं. गार पाण्यात एकामागून एक बुडबुडे येत होते, न थांबता, खालून कुणीतरी श्वास सोडत असल्यासारखे.

इंजिनात पेट्रोल जिथं पेटतं ती जागा आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तो फाटला किंवा इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते तडकलं, की आग पाण्यात शिरते आणि पाणी आगीत. रोजचं ते तांब्याभर पाणी कुठे उडत नव्हतं की गळत नव्हतं. इंजिन ते आतून पीत होतं आणि मागच्या नळीतून पांढरी वाफ करून सोडत होतं. थंडीत सगळ्याच गाड्या धुरकट असतात, म्हणून ती कुणाच्या नजरेत भरली नाही.

“हेड गेलं,” बाबा म्हणाले. आवाज कारखान्यातला होता, पाळी संपताना पुढच्या माणसाला सांगायचा तसा. मग पाण्यावरची नजर न काढता, “मले वाटतच होतं.”

“केव्हापासून?”

“झाले असन दोन-तीन हिवाळे.”

“मग रोज पाणी काहून टाकत होता, बाबा? तेव्हाच दाखवलं असतं तर…”

त्यांनी झाकण पुसलं, जागेवर ठेवलं. “टाकलं का चालत होती ना.”

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली, आणि ते वाक्य मी पुष्कळदा उलटून पाहिलं आहे. त्यात अज्ञान नाही, आळसही नाही. आजार कळला की उपचार करावा लागतो आणि उपचाराचा शेवट दोन्हीकडे होऊ शकतो; न विचारता भरत राहिलं तर निदान आजची सकाळ तरी सुरू होते. घरं, संसार, गावंसुद्धा अशी पुष्कळ वर्षं चालतात.

हेड उतरवून दुर्गला लेथवर नेलं. त्यातल्या, इंजिनाच्या दोन झडपांच्या मधोमध तडा होता आणि तो भाग आधीच इतका घासलेला, की पुन्हा घासायला धातू उरला नव्हता. या गाडीचं नवं हेड आता कुठे बनत नाही. मिस्त्री रायपूर-नागपूरच्या भंगारात विचारून पाहतो म्हणाला. पण तिथं मिळणार ते दुसऱ्या मेलेल्या गाडीचं, तेवढंच म्हातारं. “जाऊ द्या,” बाबा म्हणाले. नागपूरला आम्ही रेल्वेनेच गेलो. त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रेल्वे वेळेवर पोचली आणि बाबा पूर्णवेळ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

लिहायचं आहे ते त्याच्या आदल्या दिवसाबद्दल. भंगारवाला दुर्गहून पिकअप घेऊन आला, दोर बांधला आणि म्हणाला, कुणीतरी स्टिअरिंग धरायला पाहिजे, नाहीतर ओढता येणार नाही. त्याचा माणूस पुढे झाला. बाबांनी त्याला नुसतं बाजूला केलं आणि आत बसले. मी शेजारी बसले. डिकीत हेड होतं. बॅटरी काढलेली, त्यामुळे दिवे नव्हते, इंडिकेटर नव्हता. मुख्य रस्त्याला लागताना बाबांनी खिडकीतून उजवा हात पूर्ण बाहेर काढला, शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत काढतात तसा, सरळ, तळवा पुढे करून. दुर्गपर्यंत प्रत्येक वळणावर तो हात तसाच बाहेर गेला. मागच्या वाहनांना दोर दिसतच होता. आम्ही कुठे वळणार ते आमच्या हातात नाही, हेही दिसत होतं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायर रस्त्यावर काय बोलतात ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

भंगाराच्या आवारात आमच्यासारख्या बऱ्याच गाड्या होत्या, कुणाची दारं गेलेली, कुणाच्या आत गवत उगवलेलं. दोर सुटला. बाबांनी एकेक करून चारही काचा वर केल्या. मग भंगारवाल्याला विचारलं, “गिअर में रखूँ?”

“कुछ भी रखो बाबूजी,” तो दोर गुंडाळत म्हणाला.

माणसांना निरोप कसा द्यायचा हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, यंत्रांबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. म्हणून शेवटी हातात उरते ती सवय, आणि तीही आपल्यामागून कुणाच्या कामाची नसते. आवारातली जमीन तळहातासारखी सपाट होती. बाबांनी हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि घरंगळणार नाही ना, हे दार लावल्यावर एकदा हाताने ढकलून पाहिलं.