उजेडावर गोफण

कोंबडीच्या मानेवर सुरी ठेवताना हसीना चाची बिस्मिल्ला म्हणायची आणि टर्फच्या फोकसवर दगड सोडताना शिवी द्यायची. हात दोन्ही वेळेला सारखाच स्थिर. दिवस मावळून भिंतीपलीकडच्या क्रिकेट-टर्फच्या खांबांवरचे फोकस पेटले, की ती दुकानातून परसात यायची, खुंटीवरची गोफण काढायची, एक टोक बोटात अडकवायची आणि डोक्यावर गरगर फिरवून दगड सोडायची. दर वेळी काच फुटायची असं नाही. बहुतेकदा दगड टर्फच्या जाळीला लागून खाली पडायचा. पण फुटली, की चाची म्हणायची, "निजा रांडेच्यांनो." हे ती फोकसना म्हणायची, खेळणाऱ्यांना म्हणायची की स्वतःच्या कोंबड्यांना, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं एका माणसाची गचांडी धरलेली होती. मी गारगोटीच्या पुढच्या एका गावातून बीएस्सीसाठी कोल्हापुरात आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, त्यामुळं खोली बघायला गेल्यावर काय विचारायचं असतं हेही आम्हाला माहीत नव्हतं. हुपरीच्या रस्त्याला शहर विरळ होत जातं, तिथं चाचीचं चिकनचं दुकान. मागं कोंबड्यांची शेड, त्यामागं परस, आणि वर भाड्यानं द्यायची एक खोली. मी आणि वडील पोचलो तेव्हा त्या माणसाच्या नाकातून रक्त येत होतं आणि चाचीच्या दुसऱ्या हातात सत्तूर होता. ती आमच्याकडं बघून म्हणाली, "बसा पावणं, एवढं उरकते."

वडील माझ्या कानात म्हणाले, "चल, दुसरीकडं बघू."

चाचीनं त्या माणसाला रस्त्यावर ढकललं, हात धुतले आणि पदराला पुसत आली. "चिकन न्यायला आलेल्या पोरीचा हात धरला मुडद्यानं. तुमची पोरगी शिकती न्हवं? बिनघोर जावा. हितं तिला कोण हात लावतोय तेच बघते."

वडिलांनी माझी बॅग तिथंच खाली ठेवली.

सुरुवातीला मी तिला 'तुम्ही' म्हणायचे. एक दिवस ती मागं वळून बघत म्हणाली, "तुम्ही म्हंजे कोण? माझ्या मागं कोण उभा हाय काय?" तेव्हापासून ती 'तू' झाली आणि मी 'कालेजवाली' झाले.

गोफण तिच्या माहेरची. तिचं माहेर शिरोळकडचं. लहानपणी ती ज्वारीच्या रानात मचाणासारख्या माळ्यावर उभी राहून पाखरं राखायची. पुढं त्या रानात सगळा ऊस झाला, राखायला काही उरलं नाही. लग्न होऊन येताना तिनं गोफण भांड्यांत घालून आणली. सासूनं विचारलं, "ही कशाला?" चाचीचं उत्तर, "नवरा कसा निघतोय काय म्हाईत." नवरा चांगला निघाला आणि लवकर गेला. गोफण खुंटीवरच राहिली. दुकान तिनं एकटीनं चालवलं, मुलाला, सलीमला, एकटीनं वाढवलं. तोवर सलीमभाई दुकान बघायला लागला होता. आईसमोर त्याचा आवाज अजूनही फुटायचा नाही.

मी पहिल्या वर्षाला असताना परसाच्या भिंतीपलीकडं टर्फ झालं. जाळी लावलेलं, हिरव्या गालिच्याचं क्रिकेटचं मैदान. चालवणारा विकी हा गल्लीतलाच, लहानपणी चाचीच्याच परसातले पेरू चोरून मोठा झालेला. दिवसभर तिथं कोणी नसायचं. संध्याकाळी फोकस लागायचे आणि मध्यरात्र उलटली तरी चालू असायचे. आमच्या परसात त्या उजेडात सुई ओवता आली असती.

पहिल्यांदा बिघडल्या त्या कोंबड्या. दुकानासाठीच्या बॉयलर कोंबड्या शेडमध्ये असायच्या, पण चाचीच्या हौसेच्या आठ-दहा गावठी कोंबड्या परसात फिरायच्या आणि अंधार पडला, की आपोआप पेरूच्या झाडावर चढायच्या. आता अंधारच पडेना. त्या खालीच फिरत राहायच्या. कोंबडा भलत्याच वेळी आरवायचा. मग त्या एकमेकींना टोचायला लागल्या. एका सकाळी मी खाली आले, तर एक तांबडी कोंबडी कोपऱ्यात पडली होती, पाठीची पिसं उपटलेली, मांस उघडं पडलेलं, आणि बाकीच्या तिला अजून टोचत होत्या. त्यांच्या चोची लाल झाल्या होत्या. रोज शेकड्यानं कोंबड्या कापणारी चाची ते बघून भिंतीला टेकली.

"भुकेनं न्हाय खात ह्या," ती म्हणाली. "निज न्हाय म्हणून खात्यात."

तिचा एक नियम होता. आधी तोंडानं सांगायचं. एकदाच. त्याप्रमाणं ती विकीकडं गेली. मी सोबत होते.

"विकी, धा वाजता बंद कर बाबा. माझ्या कोंबड्या येड्या झाल्यात."

विकी हसला. "चाची, कोंबड्यास्नी गॉगल लावा की."

त्याचे मित्रही हसले. मग तो जरा नरमाईनं म्हणाला, "पोरं दिवसा कामाला जात्यात चाची. रातीचं न्हाय तर कवा खेळायचं त्यांनी?" ते खरंही होतं. "सांगितलं मी," चाची म्हणाली आणि वळली. त्याच संध्याकाळी खुंटीवरची गोफण खाली आली.

त्यानंतरचं सगळं मला अजून स्वप्नात दिसतं. दोन फोकस फुटल्यावर विकी चार पोरं घेऊन भिंतीवरून परसात उतरला. त्यांनी अंड्यांचं खुराडं लाथांनी मोडलं. दोन कोंबड्या पायाखाली चिरडल्या. सलीमभाई मध्ये पडला, तर त्याच्या दंडावर बॅट बसली, हाड मोडल्याचा आवाज मी जिन्यावरून ऐकला. मग चाची बाहेर आली. तिनं सत्तूर उलटा धरला होता, बोथट बाजूनं, पण तो तिनं ज्याच्या पाठीत घातला तो पोरगा गुडघ्यावरच बसला. विकी पळताना भिंतीवर चढला आणि मागं वळून बघू लागला. चाचीनं गोफण फिरवली. दगड कपाळावर लागला आणि विकी पलीकडं पडला.

"चाची, डोसकं फुटलं की माझं!" पलीकडून आवाज आला.

"मग गॉगल लाव की!" चाचीनं अलीकडून उत्तर दिलं.

विकीला टाके पडले, सलीमभाईला प्लास्टर. पोलीस चौकीत दोन्हीकडच्यांनी लिहून दिलं, की आम्ही आपसांत मिटवलं. मिटलं काहीच नव्हतं. फोकस नवे आले, त्यांना पुढून जाळी बसली.

दुसऱ्या वर्षी चाचीच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत कर्करोग आला. तिनं ते मला सांगितलं तेव्हा ती कोंबडी सोलत होती आणि सोलायची थांबली नाही. त्याच सुमारास आमच्या प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं होतं, की अंधारात शरीरात झोपेचं एक संप्रेरक तयार होतं, रात्री उजेडात राहिलं तर ते कमी होतं, आणि त्याचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असावा अशी संशोधकांना शंका आहे. मी ते तिला सांगावं की नाही, यात दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं.

तिनं सुरी खाली ठेवली. "म्हंजे त्या फोकसनं झालं?"

"तसं नाही चाची. काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत नाही. आणि टर्फ तर आत्ता झालं. गाठ आधीचीही असेल. शक्यता आहे, एवढंच."

"व्हय का न्हाय?"

"शक्यता..."

"शक्यता म्हंजे भित्र्या माणसाचं व्हय," चाची म्हणाली. "चल, डाक्टरला इचारू."

डॉक्टरांनाही तिनं तेच विचारलं, त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून. "व्हय का न्हाय?" ते शांत होते. म्हणाले, "आजी, एका माणसाचा आजार कशामुळं झाला हे बोट दाखवून सांगता येत नाही. उजेडाची शंका आहे, पुरावा पक्का नाही. पण झोप तुम्हाला हवीच. तुम्ही झोपता कुठं?"

चाची बोलायला लागली आणि मध्येच थांबली.

ती शेडमध्ये झोपायची. नवरा गेल्यापासून, वीसेक वर्षं. मुंगूस आणि मांजरांपासून पिल्लं राखायला तिची खाट पिल्लांच्या जाळीला लागूनच असायची. आणि शेडमध्ये रात्रभर बल्ब असायचे, कारण बॉयलर कोंबडी अंधारात खात नाही. मला ते तिनंच मोठ्या अभिमानानं शिकवलं होतं. "उजेड ठिवला की रातभर खाती. दीड म्हैन्यात कापायला तयार." तिच्या खाटेवरचा बल्ब तर माझ्या डोळ्यांसमोर होता. मलाही ते सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर बुरखा न काढताच तिनं सत्तूर उचलला आणि शेडमध्ये गेली. पहिला बल्ब फुटला, तेव्हा पिल्लांचा एकच कालवा उठला. दुसरा, तिसरा. काचा पिल्लांवर पडत होत्या, ती एकमेकांवर चढून जाळीला धडकत होती. खाटेवरचा शेवटचा बल्ब तिनं सत्तुरानं फोडला नाही. पेटलेलाच हातात धरला आणि आवळला. सलीमभाईनं तिचा हात सोडवला तेव्हा तळव्यात काचा रुतल्या होत्या आणि कातडी भाजली होती.

"ह्यो माझा," ती म्हणत होती. "ह्यो माझ्या हातानं टांगलेला. आता कुणाचं डोसकं फोडू? सांग की कालेजवाली, कुणाचं फोडू?"

मी म्हणाले, "चाची, या बल्बानंच झालं असंही सांगता येत नाही."

"गप बस. न्हायतर तुझंच फोडीन."

असं म्हणून ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तिला रडताना मी एवढंच पाहिलं.

त्यानंतर तिनं कशामुळं झालं हे पुन्हा विचारलं नाही. "कशानं झालं ते जाऊ दे," म्हणायची, "निजू तरी देत्यात का बघ." ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केमोनंतर तिच्या अंगाची आग व्हायची. घरात पत्र्याखाली तिला राहवायचं नाही, पोत्यांनी खिडक्या झाकल्या तर श्वास कोंडायचा. म्हणून खाट परसात आली आणि वर तो उजेड. ती डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून पडायची आणि टॉवेलाखालून शिव्या द्यायची. उजव्या बाजूचं ऑपरेशन झाल्यानं तो हात डोक्यावर जात नव्हता. एकदा तिनं डाव्या हातानं गोफण फिरवली. दगड आमच्याच पाण्याच्या टाकीला भोक पाडून गेला.

"शिक तू," ती मला म्हणाली.

"मला नाही जमायचं, चाची."

"शक्यता हाय का न्हाय?"

मग रोज कॉलेजवरून आल्यावर ती खाटेवरून शिकवायची. दगडाऐवजी कच्चे पेरू, आणि नेम रिकाम्या डब्यावर. पेरू माझ्याच पाठीत बसायचे. "मनगाट सोड गं! भाकरी थापतीयास काय?" डब्याला पहिला पेरू लागला त्या दिवशी तिनं सलीमभाईला हाक मारून दोनदा सांगितलं. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "पर आधी त्वांडानं. एकदाच. माझं तेवढं खरं धर. त्वांडानं न सांगता दगूड मारतोय त्यो भित्रा."

माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी एका सकाळी चाची गेली. दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघाला. मी जिन्यात उभी होते. खांदा द्यायला विकी आला होता. सलीमभाईनं त्याच्याकडं बघितलं, मग थोडा सरकला आणि जागा दिली. विकीच्या कपाळावर टाक्यांची खूण स्पष्ट दिसत होती.

त्या संध्याकाळी फोकस लागले नाहीत. कोणी सांगितलं नव्हतं. परसात हळूहळू अंधार भरला, आणि उरलेल्या कोंबड्या खाली जरा घुटमळून एकामागून एक पेरूच्या झाडावर चढल्या. फांदीवर एकमेकींना खेटून बसल्या. चाचीची खाट तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळला आणि फोकस पुन्हा पेटले. झाडावर चढू लागलेली एक कोंबडी खाली उतरली. मी वरून ते बघत होते. मला चाचीला कशामुळं कर्करोग झाला ते आजही माहीत नाही, आणि खोटं सांगायचं नाही. पण ती झोपली नाही, हे मला माहीत आहे. ते मी पाहिलं आहे.

मी खाली आले, खुंटीवरची गोफण काढली आणि टर्फच्या फाटकाशी गेले. विकी खुर्चीवर बसला होता.

"विकीदादा," मी म्हणाले, "दहा वाजता बंद करत जा."

तो काही तरी बोलणार होता. मग त्याची नजर माझ्या हाताकडं गेली. त्याचा हात आपोआप कपाळाकडं गेला.

"एकदाच सांगतेय," मी म्हणाले आणि वळले.