तलासरीचा आवाज पाहायला

रजेच्या अर्जावर मी कारण लिहिलं, ‘प्रवास’. खरं कारण लिहिलं असतं तर सुपरवायझर बाईंनी मला वेड्यात काढलं असतं. मी एका मुलीसाठी मुलगा पाहायला निघाले होते, आणि त्या मुलीलाही मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मी मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये बाहेरगावचे कॉल जोडणारी ऑपरेटर. माझ्या बोर्डावरच्या एका लाइनीच्या टोकाला ‘डहाणू’ होती. ऑपरेटरनं स्वतःचं नाव सांगायचं नाही, गावाच्या नावानं बोलायचं आणि कामाशिवाय एक शब्दही काढायचा नाही, असा आमच्या खात्याचा नियम. मी नियमाला पक्की. पण काही वर्षं रोज सकाळी एकच स्वच्छ, हसरा आवाज ‘हॅलो मुंबई, डहाणू’ म्हणत असेल, तर माणसानं किती दिवस दगड होऊन बसायचं? शेवटी मी ‘डहाणू एक्स्चेंज, सकाळच्या पाळीच्या बाई’ एवढ्याच पत्त्यावर एक कार्ड टाकलं. कार्ड टाकायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. आठवड्याभरात उत्तर आलं. तिचं नाव सुमन तांडेल. वडिलांची मासेमारीची होडी, आई बाजारात मासळी विकते, आणि घराण्यात मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी.

कार्डांमागून कार्डं गेली. मग थंडी सुरू होताना तिचं एक लांबलचक पत्र आलं. वर्षभरापूर्वी तलासरीच्या पोस्टात सार्वजनिक टेलिफोन बसला. लाइन चालू आहे की नाही हे पाहायला तिथून रोज सकाळी एका भरदार, मोकळ्या आवाजात डहाणूला फोन येई. ‘हॅलो डहाणू, तलासरी. आवाज येतो का?’ ही म्हणे, ‘येतो.’ बस, संपलं. नियमानुसार त्यापुढे काही बोलायचं नव्हतं आणि दोघंही बोलली नव्हती. पण आता तिथल्या पोस्टमास्तरांच्या घरून, ओळखीतल्या वडीलधाऱ्यांमार्फत, सुमनसाठी मागणी आली होती. घरच्यांना स्थळ पसंत होतं. एकदा मुलगा घरी येऊन चहा पिऊन गेला, तर खाली मान घालून बसला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. ‘रोज सकाळचा तो माणूस हाच का, मला कळेना,’ सुमननं लिहिलं होतं. ‘आवाज तो असेल तर माझं होय आहे. नसेल तर नाही. रविवारी उत्तर द्यायचं आहे. तुमचे कान माझ्यापेक्षा जुने. येऊन ऐकून जाल का?’

अशा कामाला रजा घ्यायची नाही तर कशाला घ्यायची? शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी निघाले. वैतरणेची खाडी ओलांडली आणि खिडकीतून मीठ, ओलं गवत आणि धूर असा मिळून एक वास आला. पुढे ताडांची रांग सुरू झाली. डहाणू रोडला उतरले तर फलाटावर चिकूच्या करंड्यांचे डोंगर आणि त्यांच्याआड हिरव्या पातळातली एक ठेंगणी, सावळी मुलगी. मी मनात उंच, गोरी, लांब वेणीची सुमन कधीच रंगवून ठेवली होती. तिनंही मला जाड आणि चष्मेवाली ठरवलं होतं, हे नंतर कबूल केलं.

गंमत म्हणजे समोरासमोर आम्हाला बोलताच येईना. ती ‘प्रवास बरा झाला ना’ म्हणाली, मी ‘हो’ म्हटलं, आणि दोघी करंड्यांकडे पाहत राहिलो. रस्ताभर तीच कथा. शेवटी ती मला किनाऱ्यावर घेऊन गेली. तिथं सुरूच्या झाडांखाली शेजारी शेजारी बसलो, तोंडं समुद्राकडे केली, आणि मग जो बांध फुटला तो विचारू नका. सुपरवायझर, सबस्क्रायबर, पगार, पातळं, सगळं निघालं. मध्येच, ट्रंक कॉलवर वेळ सांगायच्या सवयीनं, ती म्हणाली, “तीन मिनिटं झाली.” आम्ही इतक्या हसलो की वाळूत बोंबील वाळत घालणाऱ्या बायका माना वळवून पाहू लागल्या.

रात्री तिच्या घरी तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं कालवण जेवले. सुमनची आई मोठ्या घशाची आणि मोठ्या मनाची बाई. मला वाढता वाढता म्हणाली, “बाय, पोर चांगलाय. पण हिला त्याचा आवाज पायजे. आता आवाज काय चुलीवर शिजवायचाय?” सुमननं मान खाली घातली. तिला किती लागून राहिलं होतं ते मला तेव्हा कळलं.

शनिवारी सुमन पाळीवर गेली आणि मी तलासरीची एसटी पकडली. आशागडपर्यंत वाड्या, पुढे उघडा माळ, गवताच्या उंच गंजी आणि डोक्यावर भारे घेऊन ओळीनं चाललेल्या आदिवासी बायका. अहमदाबादच्या रस्त्याला लागल्यावर गाडीतलं बोलणं मराठीतून गुजरातीत कधी गेलं आणि वारलीत कधी शिरलं ते कळलंच नाही. कंडक्टर मात्र तिन्ही भाषांत सारखाच ओरडत होता. तलासरीच्या नाक्यावर एक म्हातारा उबाडियुं (मडक्यात पाल्यात भाजलेल्या शेंगा आणि कंद) विकत होता. मी पानभर घेतलं, तिथंच उभ्यानं खाल्लं, बोटं चाटली आणि मगच कामाला लागले.

पोस्ट म्हणजे कौलारू दोन खोल्या. खिडकीपलीकडे तिशीच्या आतला, उन्हानं रापलेला, नीट भांग पाडलेला एक माणूस बसला होता. मी चार कार्डं मागितली. त्यानं वर न पाहता पुटपुटत काहीतरी विचारलं. आवाज बारीक, शब्द अर्धे गिळलेले. मी पाकिटंही मागितली, मनीऑर्डरची चौकशी केली, घोलवडला पार्सल किती दिवसांत जातं ते विचारलं. प्रत्येक वेळी तोच बारीक आवाज आणि कपाळावर वाढता घाम. मला वाईट वाटलं. हा आवाज तारेवरून डहाणूपर्यंत पोचणंच शक्य नव्हतं. रोज सकाळी बोलणारा दुसराच कोणीतरी असणार, एखादा कारकून किंवा पोस्टमन. चार वर्षं घासलेले माझे कान चुकतील असं मला वाटेना. सुमनला ‘नाही’ कसं सांगायचं याची मी मनात जुळणीही सुरू केली.

तेवढ्यात मागच्या भिंतीवरचा टेलिफोन वाजला. तो उठला, माझ्याकडे पाठ केली, रिसीव्हर उचलला.

“तलासरी. बोला.”

माझ्या हातातली कार्डं खाली पडली. भरदार, मोकळा, नितळ आवाज. खोली आवाजानं भरून गेली. संजाणच्या कुणा व्यापाऱ्याला तो बिनचूक सांगत होता की पार्सल कधी पोचेल आणि उशीर का झाला. मग रिसीव्हर ठेवला, वळला, मला पाहिलं आणि पुन्हा त्याचं मांजर झालं.

आता मी कोण ते सांगून टाकलं. बिचारा पांढराफटक पडला. मी सरळ विचारलं, की समोर माणूस असला म्हणजे तुमचा आवाज जातो कुठे? त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं तेव्हाच त्याला उत्तर देता आलं.

“आमचं घर किनाऱ्यावरचं. लहानपणापासून बाबांच्या होडीवर जायचो,” तो म्हणाला. “थंडीत पहाटे दर्यावर धुकं असतं. शेजारची होडी दिसत नाही, हाक मारून ओळखायची. तिथं आवाज चोरून चालत नाही. न दिसणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. दिसलं की गडबड होते.”

मला हसू आलं आणि आदल्या दिवशीची वाळूही आठवली. मी म्हटलं, मग टेलिफोनवरच का नाही बोललात तिच्याशी? त्यानं दुखावल्यासारखं पाहिलं. सरकारी लाइनीवर खासगी शब्द कसा काढायचा? मी स्वतः नियमाला पक्की, पण हा माझ्याही वरचा निघाला. मग मीच त्याला नियम दाखवला. सार्वजनिक टेलिफोन जनतेचा आहे आणि पोस्टमास्तर झाला तरी पैसे भरणारा माणूस जनताच. पी.पी. कॉल लावायचा, म्हणजे ज्या व्यक्तीशी बोलायचं तिचं नाव द्यायचं. ती व्यक्ती डहाणूच्या पोस्टातल्या टेलिफोनच्या खोलीत येईल.

त्यानं खिशातून पैसे काढून मोजले. मग उठून बाहेर आला, खिडकीसमोर माझ्या शेजारी उभा राहिला आणि रिकाम्या खुर्चीसमोर पैसे ठेवले. पुन्हा आत गेला, खुर्चीत बसला, पैसे उचलले आणि स्वतःच्या नावानं पावती फाडली. या सगळ्यात तो जराही हसला नाही. मग त्यानं डहाणूला नोंद दिली. पलीकडे सुमन पाळीवर होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“पी.पी. कॉल लिहून घ्या. बोलवायची व्यक्ती, कुमारी सुमन तांडेल.” मग नियमाप्रमाणे तिनं नाव पुन्हा सांगायला लावलं असणार, कारण त्यानं ते पुन्हा सांगितलं, जरा सावकाश. “वेळ? त्या व्यक्तीची पाळी संपल्यावर. आमचं पोस्ट बंद व्हायच्या आत.”

मी नाचतच एसटीत बसले आणि आशागडच्या अलीकडे एसटीचं चाक बसलं. दुसरं चाक होतं, ते लावायचा जॅक नव्हता. इतकं जमवून आणायचं आणि ऐकायला आपण नसायचं? तेवढ्यात स्टेशनला निघालेला गवताचा ट्रक आला. ड्रायव्हर गुजरातीत म्हणाला की पुढे जागा नाही, वर बसा. एका बाईनं पाय धरून मला गंजीवर ढकललं. त्या हिंदकळत्या गवतावरून मी सूर्य ताडांमागे उतरताना पाहिला. इतकं सुख मला पहिल्या वर्गाच्या डब्यातही मिळालं नसतं.

डोक्यात गवत घेऊन मी डहाणूच्या पोस्टात पोचले तेव्हा सुमन टेलिफोनच्या खोलीसमोरच्या बाकावर बसली होती. शेजारी मासळीची रिकामी पाटी घेऊन तिची आई. सुमननं माझ्याकडे फक्त पाहिलं. मी म्हटलं, “मी काही सांगणार नाही. तूच ऐक.” पाळीवरच्या वयस्कर ऑपरेटरकाकांनी खिडकीतून हाक मारली, “तलासरीहून कॉल. सुमन तांडेल.” इतकी वर्षं शेजारी काम केलेल्या मुलीला त्यांनी अनोळखी असल्यासारखी हाक मारली.

ती आत गेली. त्या खोलीचं दार नीट लागत नसे आणि ट्रंकवर सगळेच ओरडून बोलतात. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही हा नियम खरा, पण मी रजेवर होते. सुरुवातीला नुसतं “हो,” “हो, ऐकतेय.” पुढे तो एकटाच बोलत असणार, धुक्यातल्या होडीवरून बोलावं तसा. तिची आई पाटीची कड घट्ट धरून बसली होती. मग सुमन स्वच्छ आवाजात म्हणाली, “माझं होय आहे. तुमच्या घरी सांगा. आणि हे बघा, लग्नानंतरही मी नोकरी सोडणार नाही.” पलीकडून उत्तर लगेच आलं असावं, कारण ती हसली.

काकांनी मध्येच तोंड घातलं, “तीन मिनिटं झाली. वाढवायचा का?”

“वाढवा,” सुमन आतून म्हणाली. काका कुरकुरले की कॉल करणाऱ्याला विचारावं लागतं. पण तलासरीनंही तेच सांगितलं असावं, कारण पुढची तीन मिनिटं काकांनी पुन्हा तोंड घातलं नाही. सुमनची आई डोळे पुसत मला म्हणाली, “आवाज शिजला गो बाय.”

रविवारी चिकूची करंडी मांडीवर घेऊन मी परतले. सोमवारी बोर्डावर ‘हॅलो मुंबई, डहाणू’ आलं तेव्हा मी नेहमीसारखंच ‘बोला’ म्हटलं. ती नेहमीसारखीच कामाचं बोलली. आता तो आवाज मला ठेंगणा, सावळा, हिरव्या पातळातला दिसत होता. माणूस पाहून आलं की आवाजाची गोडी जाईल अशी मला भीती होती. ती उगाच होती.

काही दिवसांनी डहाणूनं एक नोंद दिली. “पी.पी. कॉल. बोलणार सुमन तांडेल, डहाणूच्या पोस्टातून. बोलवायची व्यक्ती, कुमारी वत्सला प्रधान. कारण लिहायचं नसतं, पण लग्नाची तारीख कळवायची आहे.”

मी अर्धं नाव लिहिलं आणि हात थांबला. इतक्या वर्षांत त्या तारेवरून माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. डोळे भरून आले, पण आवाज तसाच ठेवून मी म्हटलं, “नाव पुन्हा सांगा.”